हातानं घडवलेली कुकरी करून घ्यायचीय, काय काय बघून घ्यावी? (कोल्हापूर)

बावडा_पायवाट

नमस्कार मंडळी. गगनबावड्याच्या अलीकडं आमचं थोडं रान आहे. बांधावर घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या अशा माजतात की दरवर्षी पाऊस उघडला की साफसफाई काढायलाच लागते, आणि थंडीत आम्ही पोरं मिळून तिथं मुक्कामाला जातो तेव्हा सरपण फोडणं, बांबू तोडणं हे आलंच. आजवर कोयता आणि कुऱ्हाडीवर भागवलं, पण आता एक चांगली हातानं घडवलेली कुकरी करून घ्यायची फार इच्छा आहे. भिंतीवर टांगायला नाही, वापरायला.

तीन वाटा दिसतायत. एक म्हणजे नेपाळमध्ये धरानचा एक कारागीर, मित्राच्या भावाच्या ओळखीचा, भाऊ फौजेत आहे, सुट्टीवर येताना घेऊन येईल. दुसरा डेहराडूनचा, त्याच्याशी फोनवर बोललोय, तो म्हणतो बारा इंची पातं, डमास्कस, म्हशीच्या शिंगाची मूठ, शेवटाला पितळी सिंहाचं तोंड, साडेसात हजार. फोटो बघून लगेच पैसे पाठवावेत असं वाटतंय. तिसरा आमचे कोयते करणारा इथलाच लोहार, तो म्हणतो फोटो आणि माप द्या, दिवाळीच्या आत करून देतो.

मला विचारायचंय ते हे की माल हातात आल्यावर चांगला का वाईट हे ओळखायचं कसं, आणि ऑर्डर देतानाच काय काय सांगून ठेवायचं. लोखंडातलं मला काही कळत नाही, त्यामुळं जरा विस्कटून सांगा.

माजी_सैनिक_शिरोळ

राम राम पाव्हणं. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा, पण नोकरीत गोरखा पलटणीच्या शेजारी बरंच राहणं झालं. त्यांची जवानं कुकरीनं लाकूड फोडतात, बकरं कापतात, कांदा चिरतात, खड्डासुद्धा उकरतात, ते सगळं डोळ्यानं बघितलंय. एकदा म्यानातून काढली की रक्त लागल्याशिवाय आत घालत नाहीत वगैरे जे सांगतात त्यावर जाऊ नका, ते रोजच्या कामाचं हत्यार आहे त्यांचं, रोज रक्त कुठनं आणणार.

पोलादाचं दुसरी माणसं सांगतील, मी हाताचं सांगतो. कुकरी हातात आली की आधी धार बघू नका, आधी तोल बघा. मूठ सैल धरून मनगट हलवायचं, वजन पुढच्या फुगीर भागात गेलेलं जाणवलं पाहिजे पण मनगटावर ओढ यायला नको. बारा इंची जड पातं घेऊन अर्धा तास जाळी तोडून बघा, खांदा उतरतो. आणि दमलेल्या हातातलं हत्यार आपल्याच नडगीवर येतंय हे लक्षात ठेवा.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. म्यानातून काढताना डाव्या हाताची बोटं म्यानाच्या धारेकडच्या बाजूला कधीच गुंडाळायची नाहीत. कातड्याच्या आत लाकडाच्या दोन पातळ फळ्या असतात, आणि पातं ओढताना धार त्या फळ्यांच्या सांध्यावर घासत येते. सांधा उकलला की धार कातडं कापून थेट बोटात. अंगठा आणि बोटं पाठीच्या बाजूला ठेवायची, पातं पाठीवर टेकवत हळू बाहेर काढायचं. गोरखा जवानाला हे पहिल्या दिवशी शिकवतात. म्यान घेताना तोंडाशी आणि धारेच्या बाजूला शिलाई बघा, उलटी धरून हलक्यानं झटका द्या, कुकरी आपोआप बाहेर पडली तर म्यान ढिलं आहे, ते परत करा.

म्यानात मागं दोन छोट्या सुऱ्या येतात, एक धारेची कर्दा आणि एक बोथट चकमक. त्या नुसत्या शोभेला देतात हल्ली. कर्द्याला खरंच धार लागते का बघा, कारागीर मन लावून काम करतो का उरकतो ते तिथं कळतंय.

भट्टी_शिरोली

शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटमध्ये आहे, रोज हेच काम, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

पहिलं सांगतो, पितळी सिंह, शिंग, डमास्कस याचे जे पैसे सांगितलेत ते सगळे दिसण्याचे आहेत. खरं डमास्कस म्हणजे दोन जातींचं पोलाद थरावर थर जोडून घडवलेलं, आणि एक थर जरी नीट जुळला नाही तरी तोडताना तिथनंच उकलतं. स्वस्तात तर नुसती ॲसिडनं काढलेली नक्षी असते. रानात वापरायच्या कुकरीला त्याचा शून्य उपयोग. तेच पैसे साध्या पोलादावर, चांगल्या पाण्यावर (म्हणजे पातं लाल तापवून विझवून कडक करण्यावर) आणि चांगल्या मुठीवर घाला.

नेपाळचे कारागीर बहुतेक ट्रकच्या कमान पाट्याचं पोलाद वापरतात, ५१६० जातीचं. कार्बन साधारण ०.६ टक्के आणि थोडं क्रोमियम. कोयत्या-कुकरीला हे उत्तम, मार खातं, तुटत नाही. पण पोलाद चांगलं म्हणजे कुकरी चांगली असं होत नाही, सगळा खेळ पाणी पाजण्याचा आहे. ट्रकवर असतो तेव्हा पाटा स्प्रिंगच्या हिशेबानं मऊ ठेवलेला असतो, ४५ रॉकवेलच्या आसपास (रॉकवेल म्हणजे कडकपणाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढं पोलाद कडक). तोच पाटा कुणी नुसता ग्राइंडरनं कापून, पॉलिश मारून कुकरी म्हणून दिला तर दिसायला झकास, आणि दहा फांद्या तोडल्या की धार एका बाजूला वळलेली. असला माल बाजारात भरपूर आहे.

नेपाळची पद्धत मला फार आवडते. पातं भट्टीत लाल करतात, आणि बारीक तोटीच्या किटलीतनं पाण्याची धार फक्त कुकरीच्या धारेवर सोडतात, आधी पोटाच्या फुगीर भागावर, मग पुढं मागं. पाठ तशीच गरम राहते. धार एका झटक्यात कडक होते आणि पाठीत उरलेली उष्णता सावकाश धारेकडं येऊन तो ठिसूळपणा थोडा उतरवते. म्हणजे धार ५५ ते ५८ आणि पाठ त्याच्यापेक्षा पुष्कळ मऊ, त्यामुळं दणका पाठीत जिरतो. अनुभवी माणूस रंग बघून हे करतो, मीटर नसतो काही. म्हणूनच एकाच कारागिराच्या दोन कुकऱ्या सारख्या नसतात आणि प्रत्येक नग तपासायला लागतो.

तपासायचं कसं? आमच्याकडं हार्डनेस टेस्टिंगच्या कानशींचा सेट असतो, ४० पासून ६५ पर्यंत पाच-पाचच्या टप्प्यानं. ५० ची कानस धारेवर हलकी ओढायची, घसरली पाहिजे. ६० ची चावली पाहिजे. पोटाला, टोकाजवळ, मुठीजवळ आणि पाठीवर अशा चार ठिकाणी करा. टोक आणि मुठीजवळ थोडी मऊ लागली तरी चालतं, पोटाला मऊ लागली तर नको. सेट नसला तर साधी नवी बारीक कानस घ्या, पोटाच्या धारेवर घसरती आणि पाठीवर चावती हे एवढं कळलं तरी बास. रॉकवेल मशीनवर लावतो म्हणणारे भेटतील, पण पातं दोन्हीकडून उतरतं असतं, मशीनला सपाट आणि समांतर जागा लागते, नाहीतर आकडा चुकीचा येतो. पाठीजवळ सपाट जागा मिळाली तर ठीक, धारेचा आकडा मशीनवर काढायला जाऊ नका.

आणि तडे. पाण्यात विझवलेल्या पात्याला केसासारखे तडे जाऊ शकतात आणि पॉलिशखाली ते दिसत नाहीत. कोल्हापुरात राहून याची काळजी करायची गरज नाही, फाउंड्रीवाल्यांकडं डीपी टेस्टचे, म्हणजे रंग मुरवून तडे शोधायचे, स्प्रे असतातच. लाल रंग मारायचा, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, स्वच्छ पुसायचा, वरनं पांढरी पावडर मारायची. तडा असला तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मुठीजवळ धारेला जी खाच असते ना, त्या खाचेत आवर्जून बघा. ती खाच कशासाठी याच्या कथा चिक्कार आहेत, त्यात मी पडत नाही, पण खाचेच्या आतला कोपरा टोकदार असला तर तडा तिथनंच सुरू होतो. आतून गोल आणि गुळगुळीत घासलेली पाहिजे.

ऐरणीवरचा

भट्टीवाल्या दादांशी बऱ्यापैकी सहमत, पण एका ठिकाणी नाही. आमच्या घरी लोहारकाम, आजोबांपासून. घणानं घडवलेलं आणि प्लेटमधनं कापलेलं यात फरक असतोच. घडवणारा पाठ मुठीजवळ जाड ठेवून टोकाकडं मारत मारत पातळ नेतो, कापणाऱ्याची पाठ शेवटपर्यंत एकसारखी जाड राहते. बोटानं पाठ चाचपत टोकाकडं जा, लगेच समजतंय. मुठीजवळ ८ मिलिमीटर असेल तर टोकाच्या अलीकडं निम्म्यावर यायला पाहिजे. सगळी आठ म्हणजे ती पहार आहे, कुकरी नव्हे.

आपल्या लोहाराकडून करून घ्यायला हरकत काही नाही, पण त्याला कोयत्याचं पाणी माहिती आहे. ऊसतोडीचा कोयता पातळ आणि मऊसरच ठेवतात, कारण फडात बसून कानशीनं धार काढायची असते, आणि बोथट झाला की शेवटून (लोहाराकडनं परत धार काढून) आणायचा. कुकरी तशी केली तर चालेल, पण मग ती कुकरीच्या आकाराचा कोयताच झाली. त्याला सांगा की धार कानशीला दाद देता कामा नये, पाठ मऊ राहू दे. आणि भंगारातला पाटा नको. वर्षानुवर्षं ट्रकखाली राबलेल्या पाट्यात आधीच बारीक तडे असतात. हायवेला पाटे बदलणाऱ्या गॅरेजवर नव्या पाट्याचा तुकडा विकत मिळतो, तो आपण घेऊन द्यायचा.

अजून एक. त्याच पाट्याचा वीतभर तुकडा त्याला कुकरीसारखाच लाल करून पाण्यात विझवायला सांगा आणि व्हाइसला धरून तुमच्यासमोर हातोड्यानं तोडायला लावा. तुटलेली कड उन्हात बघायची. बारीक, मळकट राखाडी दिसली तर तापवणं बरोबर आहे. साखरेसारखे चकाकते दाणे दिसले तर जास्त तापवलंय, तसंच कुकरीला केलं तर ती मोडणार. चांगला लोहार याला नाही म्हणणार नाही, आमचे वडील तर गिऱ्हाइकानं न विचारताच दाखवायचे.

भट्टी_शिरोली

घणाचं मान्य, निमुळती पाठ प्लेटवाले आळसानं करत नाहीत हे खरंच आहे. माझं म्हणणं एवढंच की घण मारल्यानं पोलाद आपोआप भारी होतं असं नसतं. प्लेटमधनं कापून, पाठ घासून निमुळती करून, पाणी नीट पाजलेलं पातं सुद्धा आयुष्यभर जातं, आणि घणानं घडवून जास्त तापवलेलं पहिल्या गाठीवर मोडतं. तुकडा तोडून बघायची युक्ती एक नंबर, ती मात्र काहीही झालं तरी कराच.

वकील_ताई_कोल्हापूर

मापाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात, ज्यात तलवारी-खंजीर येतात, तिथं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि त्या ओळीत कृपाण आणि कुकरीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. तुम्ही म्हणाल माझी शेतीसाठी आहे. असेलही, पण ते नाक्यावर अडवणाऱ्या हवालदाराला पटवत बसायची वेळ कशाला आणायची? बारा इंची घेऊच नका. लांबी ९ च्या आत आणि पोटाची रुंदी २ च्या आत, दोन्ही. लोक लांबी मोजतात आणि रुंदी विसरतात, कुकरीचं पोट सहज दोनच्या वर जातं.

दुसरं म्हणजे सणावाराला आणि निवडणुकीला जिल्हा प्रशासन महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यारबंदीचे आदेश काढतं. त्या काळात मापात असलेली कुकरी सुद्धा गाडीत टाकून फिरू नका. रानात वापरायची आहे ना, रानातल्या घरीच पेटीत ठेवा. बिल जपून ठेवा आणि त्यावर शेतीच्या कामासाठी असं लिहून घ्या.

आणि मुक्कामाला दाजीपूर-राधानगरीकडं जाणार असाल तर कुकरी अजिबात बरोबर नको. ते अभयारण्य आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही आणि त्या कायद्यात हत्याराच्या व्याख्येत चाकू सुद्धा येतो. हौसेपायी नसती केस लागेल.

नेपाळहून कुरियरनं मागवलेलं कस्टमला अडकू शकतं हे धरून चला. सुट्टीवर येणाऱ्या जवानाच्या गळ्यात तर मुळीच घालू नका, त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो.

बावडा_पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, रुंदीचं खरंच डोक्यात नव्हतं, आणि मित्राच्या भावाला आता या भानगडीत ओढत नाही. बारा इंची आणि डमास्कस दोन्ही बाद.

आता विचार असा आहे की पातं पावणेनऊ इंच, पोट पावणेदोन, पाठ मुठीजवळ ८ मिलिमीटर, नवा पाटा मी आणून देणार, काम इथल्याच लोहाराकडं, आणि तुकडा तोडून बघणार. पण मुठीचं कळेना. पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत पूर्ण रुंदीचं घ्यावं का निमुळतं शेपूट घ्यावं? शिंग घ्यावं का लाकूड? आणि एवढ्या मापात जाळी तुटेल का?

माजी_सैनिक_शिरोळ

जाळीचं खरं सांगू का, घाणेरीला आणि करवंदीला तुमचा कोयताच बरा, आणि तो सुद्धा लांब दांड्याचा. काट्यात हात घालायला लागत नाही. कुकरीचं काम मनगटाएवढ्या फांदीपासून पुढं चालू होतं. बांबूला झकास चालते, तिरका घाव घाला, आडवा नको. दोन्ही ठेवा, एकानं दुसऱ्याचं काम करायला गेलं की हत्यार पण खराब आणि माणूस पण.

ऐरणीवरचा

मुठीचं मी सांगतो. तुम्हाला मारायला वापरायचीय तर पूर्ण रुंदीचं पोलाद आणि दोन्ही बाजूंनी शिसवीच्या पट्ट्या, तीन रिव्हेट. वजन जरा मागं येतं, पण लोहाराला ते जमतं आणि पुढं मूठ बदलायची झाली तरी सोपं पडतं. निमुळत्या शेपटाची जुनी पद्धत काही कमजोर नाही, नेपाळात पिढ्यानपिढ्या चाललीय, पण त्यात शेपूट जिथं पात्याला मिळतं तो खांदा जाड आणि गोलाई देऊन करायला लागतो, आणि मुठीत लाखेसारखं चिकट भरतात ते वापरात तडकलं की मूठ खुळखुळते. आपल्या लोहाराला पहिल्याच वेळी त्यात घालू नका.

शिंग नको. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, पोलादाची कड वर येते आणि तळहाताला फोड. शिवाय पेटीत पडून राहिलं की किडे खातात.

मूठ तपासायची तर कुकरी धरून पाठीवर लाकडी मोगरीनं टकटक करा. घट्ट असेल तर एकच ठोस आवाज, सैल असेल तर मागनं बारीक खुळखुळ येते. मग वाळलेल्या बाभळीच्या ओंडक्यावर वीस-तीस दणके घाला, घाम फुटेपर्यंत. हाताला झिणझिण्या आल्या तर मूठ जाड-बारीक करून घ्यायला लागेल. त्यानंतर दिव्याखाली धार आपल्याकडं करून बघायची. चांगली धार दिव्यात दिसतच नाही. जिथं पांढरा ठिपका चमकला तिथं ती वळली किंवा उडाली. वळलेली असेल तर पाणी कमी, टवका उडाला असेल तर जास्त. दोन्ही वेळा लोहाराकडं परत न्या, नीट करून द्यायचं हे आधी ठरवून घ्या, आणि निम्मे पैसे या दणक्यांनंतरच द्या.

भट्टी_शिरोली

धार लावायला सायकलवरच्या चाकाच्या धारवाल्याकडं देऊ नका, गॅरेजच्या ग्राइंडरवर तर नकोच. कड निळी पडली की तिथलं पाणी गेलं समजा, मग कितीही घासा, धार टिकत नाही. कुकरीची धार थोडी फुगीर असते, ती ओल्या पॉलिश पेपरनं काढायची. पेपर जाड रबरावर ठेवून पातं पाठीच्या दिशेनं ओढायचं, म्हणजे पेपर पोटाच्या वळणाला धरून बसतो.

आणि बावड्याचा पाऊस. ते पोलाद स्टेनलेस नाही, एका रात्रीत तांबूस होतं. वापरून झालं की धुवा, पुसा, शिवणयंत्राचं तेल लावा, आणि जून ते सप्टेंबर म्यानात घालून ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि पातं आतनं खातं. कोरड्या फडक्यात गुंडाळून पेटीत, म्यान वेगळं.

बावडा_पायवाट

पटलं सगळं. रविवारी लोहाराकडं जातोय. मुठीची जाडी त्याला काय सांगू? माझा पंजा मोठा आहे.

ऐरणीवरचा

आकडा सांगू नका. घरात जुना खोऱ्याचा दांडा असेल तो वीतभर कापा, कानशीनं घासत घासत तुमच्या हाताला बसेल असा करा, मधे बोटांना थोडी खोल जागा आणि शेवटाला फुगवटा, म्हणजे ओल्या हातातनं निसटत नाही. पंजा मिटल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम लागली पाहिजेत, रुतायला नकोत. रानात घालता ते हातमोजे घालून पण धरून बघा. पात्याचा आकार जाड पुठ्ठ्यावर खऱ्या मापात कापून घ्या, आणि दोन्ही गोष्टी त्याच्या हातात द्या. फोटोवरनं माप चुकतं, नमुना हातात असला की लोहाराला विचारायला पण लागत नाही.